पंखा मंदावला म्हणून पंखा बदलायचा?

छताचा पंखा रेग्युलेटर पाचवर असताना दोनवर असल्यासारखा फिरू लागला, की ‘मोटर गेली’ असा निकाल पटकन लागतो. मोटर बहुतेक वेळा ठणठणीत असते. गेलेला असतो तो तिच्यासोबतचा, वीज थोडा वेळ साठवणारा काडेपेटीएवढा कॅपॅसिटर, ज्याला बरेच इलेक्ट्रिशियन कंडेन्सर म्हणतात. घरातली वीज साधारणपणे एकाच फेजची असते. अशा विजेवर चालणाऱ्या एका वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र नुसतं उलटसुलट होत राहतं, गोल फिरत नाही. आणि क्षेत्र फिरलं नाही तर पंखा जागचा हलत नाही. म्हणून मोटरमध्ये दुसरं वेटोळं असतं आणि कॅपॅसिटर त्यातला प्रवाह पहिल्याच्या किंचित पुढे काढतो. वेळेच्या या फरकातून फिरतं क्षेत्र तयार होतं.

या कॅपॅसिटरच्या आत प्लास्टिकच्या अतिशय पातळ फितीवर धातूचा मुलामा असतो. विजेच्या दाबाने फितीला कुठे बारीक छिद्र पडलं, तर त्याभोवतीचा मुलामा क्षणात वाफ होऊन उडतो आणि शॉर्ट होण्याऐवजी तेवढी जागा वेगळी पडते. युक्ती झकास आहे, पण दर वेळी थोडा थोडा मुलामा खर्च होतो. काही वर्षांनी अडीच मायक्रोफॅरडचा (हे त्याच्या क्षमतेचं माप) कॅपॅसिटर दीडवर येतो आणि पंखा रेंगाळू लागतो. तपासणी सोपी आहे. वीज बंद करून पातं हाताने ढकला. आवाज न करता सहज फिरत राहिलं तर संशय कॅपॅसिटरवर. अडखळलं, खरखरलं तर बेअरिंगवर. नवा कॅपॅसिटर जुन्याइतक्याच मायक्रोफॅरडचा हवा. ‘मोठा टाका, जोरात फिरेल’ असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. वेटोळ्यातला प्रवाह वाढतो, मोटर तापते आणि मग ती खरोखरच जाते.

घरातली बहुतेक उपकरणं याच रीतीने बिघडतात. सगळं यंत्र एकदम थकत नाही, त्यातला एखादा भाग आधी थकतो. त्यामुळे दुरुस्ती की बदली हे यंत्राच्या वयावरून ठरवण्यात फारसा अर्थ नाही. नेमकं काय गेलं आहे, आणि तो भाग मुळात बदलता यावा म्हणूनच बसवला होता का, हे आधी पाहावं.

एलईडी दिव्याचं उदाहरण घ्या. त्यातली प्रकाश देणारी चकती सहसा टिकून असते. दगा देतं ते तिला वीज पुरवणारं छोटं सर्किट. त्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू सुकतो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचं नातं मांडलं. त्यावरून इलेक्ट्रॉनिक्सवाले एक ठोकताळा वापरतात: तापमान १० अंशांनी कमी केलं की अशा कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे चारी बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात बसवलेला एलईडी दिवा लवकर जातो, त्यात दिव्याच्या दर्जाइतकाच त्या गोळ्याचाही दोष असतो. टीव्ही, राउटर, चार्जर यांनाही हाच नियम लागू आहे. त्यांची हवा जाण्याची भोकं झाकू नयेत, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

गीझरमध्ये तर एक भाग मुद्दाम मरण्यासाठीच ठेवलेला असतो. साठवणीच्या गीझरची टाकी बऱ्याचदा पोलादाची असते आणि तिला आतून काचेसारखा इनॅमलचा लेप असतो. लेपात बारीक छिद्रं राहतातच आणि तिथे गंज धरतो. त्यावर उपाय म्हणून टाकीत मॅग्नेशियमचा दांडा सोडलेला असतो. मॅग्नेशियम पोलादापेक्षा सहज झिजतं. दोन्ही धातू एकाच पाण्यात जोडलेले असले की झीज दांड्याची होते आणि टाकी वाचते. ही कल्पना ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळावरचा तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यात खराब होत असे. त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले तर तांबं वाचतं, हे त्यांनी १८२४ मध्ये दाखवलं. गंमत अशी की तांबं विरघळणं थांबलं आणि त्याचा विषारी परिणामही थांबला. जहाजांच्या तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटू लागलं आणि जहाजं मंदावली. गीझरमध्ये शिंपल्यांची भीती नाही, त्यामुळे तिथे हा उपाय निर्धोक चालतो. अट एकच: दांडा संपण्याआधी बदलला पाहिजे. सर्व्हिसिंग करणाऱ्याला तो काढून दाखवायला सांगा. मधली तार उघडी पडली असेल तर त्याचं काम संपलं. हा दांडा स्वस्त असतो आणि बहुतेक गीझर तो एकदाही न बदलता भंगारात जातात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

गीझरची दुसरी तक्रार क्षारांची. जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, पाणी तापलं की त्यातलं विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट मोडतं आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर बसतं. त्यामुळे विजेचं बिल फुगतं, हा समज विजेच्या गीझरला फारसा लागू नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, तिच्या उष्णतेला जायला दुसरी वाट नसते. खरं नुकसान कॉइलचं होतं: थराखाली ती जास्त तापते आणि एक दिवस फुटते. गीझर तडतडू लागला तर थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आहे असं समजा. सायट्रिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने हा थर निघतो. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या आसपास ठेवला तर क्षार हळू बसतात. मात्र पाणी फार कोमट साठवण्यातही धोका आहे, कारण न्यूमोनियासारखा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू कोमट पाण्यात वाढतात. ६० अंशांचं पाणी पोळतं, तेव्हा ते थंड पाणी मिसळूनच वापरायचं.

आणि गीझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकलं तर व्हॉल्व्ह बिघडला असं लगेच समजू नका. २० अंशांचं पाणी ६० अंशांवर गेलं की दीड टक्क्याने फुगतं. २५ लिटरच्या टाकीत हे पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास भरतं आणि ते कुठून तरी बाहेर पडायला हवं. ठिबकतं म्हणून तो व्हॉल्व्ह बूच मारून बंद करणं यासारखा धोकादायक उपाय नाही. टाकीच गळू लागली असेल तर मात्र दुरुस्तीचा हट्ट सोडावा. वेल्डिंगच्या उष्णतेने आतला लेप आणखी तडकतो.

फ्रिजबाबत सगळ्यात जास्त फसवणूक होते ती ‘गॅस संपलाय, भरून देतो’ या वाक्याने. फ्रिजमधला गॅस इंधनासारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तो फिरतो, आत उष्णता शोषून घेतो आणि मागच्या जाळीत ती सोडतो. वीस वर्षांनीही तो तितकाच असायला हवा. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने निघून जाणार. म्हणून गॅस भरण्याआधी ‘गळती कुठे सापडली?’ हा प्रश्न विचारायचाच. त्याआधी घरच्या घरी दोन गोष्टी पाहता येतात. दाराच्या रबरी गॅसकेटमध्ये कागद धरून दार लावा. कागद सहज ओढला जात असेल तर तिथून गरम हवा आत शिरते आहे. आणि मागची जाळी उघडी असेल तर तिच्यावरची धूळ झाडा. धुळीमुळे उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालत राहतो.

फ्रिजचा एक भाग मात्र दुरुस्त होत नाही, तो म्हणजे भिंतींमधला फोम. त्याच्या बारीक पोकळ्यांत हवेपेक्षा कमी उष्णता वाहून नेणारा वायू भरलेला असतो. वर्षानुवर्षं तो झिरपून बाहेर जातो आणि त्याच्या जागी हवा येते. फ्रिज चालू असतो, थंडही करतो, फक्त त्यासाठी जास्त वीज खातो. प्लगमध्ये लावायचा एनर्जी मीटर एक दिवसभर लावला की आकडा समोर येतो.

हा आकडा हाताशी असला की बदलीचा निर्णय सोपा होतो. ७५ वॅटचा साधा पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा लावला आणि तो रोज १० तास चालला, तर वर्षाला सुमारे १६४ युनिट वाचतात. उलट ७५० वॅटचा मिक्सर रोज ५ मिनिटं चालवला तर वर्षाचे होतात जेमतेम २३ युनिट. त्यात वाचणार ते काय? तासन्‌तास चालणाऱ्या किंवा उष्णता तयार करणाऱ्या, वाहून नेणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत नवं तंत्रज्ञान घेणं परवडतं. मिक्सरचे कार्बन ब्रश बदला, वॉशिंग मशीनच्या ड्रेन पंपाची जाळी साफ करा, आणि ती चालतील तोवर चालवा. फोन आणि लॅपटॉप यांचं गणित आणखी वेगळं: त्यांची बरीचशी ऊर्जा वापरण्याआधी, बनवतानाच खर्च झालेली असते. तिथे बॅटरी बदलणं जवळजवळ नेहमीच फायद्याचं.

‘जुन्या वस्तू काय टिकायच्या!’ हेही ऐकू येतंच. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर इथल्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून एक बल्ब जळतो आहे, तो पुरावा म्हणून दाखवला जातो. तो टिकला कारण तो अगदी मंद जळतो आणि क्वचितच बंद होतो. त्याच काळातले बाकीचे हजारो बल्ब कधीच फुटून गेले. ते मोजायला कोणी थांबलेलं नाही.

या सगळ्याहून तातडीचं काम म्हणजे सैल जोड. सॉकेटमध्ये पिन नीट बसत नसेल आणि त्या जागी फक्त ०.१ ओहमचा रोध तयार झाला असेल, तर १६ अँपिअर प्रवाहात तिथे २५ वॅटहून जास्त उष्णता निघते, तीही मुगाएवढ्या जागेत. सोल्डरिंग आयर्नसुद्धा साधारण एवढ्याच वॅटचं असतं. प्रवाह वाढलेला नसतो, त्यामुळे एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडत नाही. प्लास्टिक तपकिरी होणं, जळका वास, अर्ध्या तासाने प्लग चटका बसेल इतका गरम लागणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सॉकेट बदलून घ्या. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याजागी मोठा बसवणं हा उलटा उपाय आहे: तो वायरचं रक्षण करतो, आणि वायर तीच राहिली तर आता ती आधी तापेल. माणसाचं रक्षण करतो तो आरसीसीबी. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो वीज तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबायचं असतं.

मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र स्वतः उघडायचा नाही. त्यातल्या कॅपॅसिटरवर २,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकून राहू शकतो. आणि जुना फ्रिज देऊन टाकताना त्यातला गॅस यंत्राने काढून घेणाऱ्यालाच तो द्या. अनेक जुन्या फ्रिजमध्ये असलेला आर-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो, आणि भंगारात नळी कापली की तो सगळा हवेत जातो.