प्रखर दिव्यातून ‘ड’ जीवनसत्त्व मिळत नाही
उत्तरेकडच्या अंधाऱ्या हिवाळ्यात उदासी घालवायला वापरतात तो दिवा त्वचेला ‘ड’ जीवनसत्त्व देतो, हा समज जुना आणि चुकीचा. त्यासाठी अतिनील किरण लागतात. चांगल्या दिव्यात ते मुद्दाम गाळलेले असतात. हा उजेड डोळ्यांवाटे काम करतो, मेंदूतलं झोप-जागेचं घड्याळ लवकरच्या वेळेकडे ओढतो. त्यामुळे डोळे मिटून पाठ शेकत बसणं फुकट! उठल्याबरोबर १०,००० लक्सला (लक्स हे उजेड मोजायचं एकक) अर्धा तास पुरतो, पण तो आकडा कंपनीने दिलेल्या अंतरावरचा. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्म्याहूनही कमी उरतो. बहुतेकांचं फसतं ते इथेच. दिवा किंचित बाजूला ठेवावा, टक लावू नये. रात्री लावल्यास झोप उडते. दृष्टिपटलाचा आजार किंवा बायपोलर (मनःस्थितीत टोकाचे चढउतार होणारा आजार) असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. ‘ड’ची सोय आहारातून किंवा गोळ्यांनी वेगळी करावी लागते.