जनसुनावणी म्हणजे ग्रामसभा नव्हे

‘जनसुनावणीत गावाने प्रकल्प नाकारला’ असा मथळा अधूनमधून वाचायला मिळतो आणि तो वाचून गावाला हायसे वाटते. वास्तविक जनसुनावणीला कोणताही प्रकल्प नाकारण्याचा किंवा स्वीकारण्याचा अधिकार नसतो. तेथे मतदान होत नाही आणि ठरावही होत नाही. ग्रामसभेचा ठराव हा मात्र गावाचा अधिकृत निर्णय असतो, जरी त्या निर्णयाचे बळ जमीन कोणत्या प्रकारची आहे आणि गाव कोणत्या कायद्याच्या कक्षेत येते यावर अवलंबून असले तरी. दोन्हीकडे मांडव तोच आणि माणसेही तीच असतात, म्हणून गल्लत होते. स्वच्छ ऊर्जेच्या प्रकल्पांबाबत ही गल्लत विशेष महागात पडते.

जनसुनावणीचा उगम पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ याखाली १४ सप्टेंबर २००६ रोजी निघालेल्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत आहे. ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी देण्यापूर्वी बाधित लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढाच तिचा हेतू आहे. सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांतून द्यावी लागते, मूल्यांकन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो आणि संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण करावे लागते. गणपूर्तीची अट मात्र नाही. दहा माणसे आली तरी सुनावणी झाली असेच धरले जाते. त्यामुळे ‘बहिष्कार टाकून सुनावणी उधळून लावू’ हा डाव पुष्कळदा उलटतो, कारण गाव गैरहजर राहिले तर इतिवृत्तात त्याचा आवाजच उरत नाही.

या इतिवृत्ताला कमी लेखणे चुकीचे ठरेल. मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीसमोर प्रकल्प जातो तेव्हा सुनावणीत उपस्थित झालेल्या प्रत्येक मुद्द्याला प्रकल्पधारकाने काय उत्तर दिले, हे तिने तपासणे अपेक्षित असते. पुढे मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करावयाचे झाल्यास, ज्यासाठी मुळात ३० दिवसांचीच मुदत असते, हाच कागद पुरावा म्हणून उपयोगी पडतो. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी १६ मे २०१० रोजी माडबन येथे सुनावणी झाली तेव्हा मराठी अहवाल वेळेवर मिळाला नाही, ही ग्रामस्थांची मोठी तक्रार होती. अशी तक्रार त्याच दिवशी लेखी देऊन तिची पोच घेणे हे घोषणेपेक्षा अधिक टिकाऊ काम आहे.

आता गल्लत महागात का पडते ते पाहू. २००६ च्या अधिसूचनेच्या परिशिष्टात पवनऊर्जेचा समावेश नाही, आणि फोटोव्होल्टाइक पद्धतीचे, म्हणजे पटलांवर सूर्यप्रकाशापासून थेट वीज करणारे, सौर प्रकल्प तिच्या कक्षेबाहेर असल्याचे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने स्पष्ट केलेले आहे. जलविद्युत प्रकल्प २५ मेगावॉटपासून पुढे कक्षेत येतात. म्हणजे माळरानावर शेकडो एकरांचे सौर पटल उभे राहणार असले किंवा डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांची रांग लागणार असली, तरी केवळ त्या कारणाने जनसुनावणी होत नाही. ‘सुनावणी लागली की बोलू’ असे म्हणत वाट पाहणाऱ्या गावासाठी ती सुनावणी कधी लागतच नाही. स्वच्छ ऊर्जा म्हणजे निरुपद्रवी ऊर्जा, हे या सवलतीमागचे गृहीतक आहे. धुराबाबत ते बरोबर आहे, पण जमिनीबाबत तसे म्हणता येत नाही. पश्चिम घाट पर्यावरण तज्ज्ञ गटाच्या २०११ च्या अहवालात भीमाशंकर अभयारण्यालगतच्या पवनऊर्जा प्रकल्पाची चर्चा आहे. तेथे पवनचक्कीच्या पात्यांइतकाच प्रश्न त्या डोंगरावर नेण्यासाठी कापलेल्या रस्त्यांचा आणि त्यातून होणाऱ्या धुपीचा होता.

अशा वेळी गावाच्या हाती उरते ती ग्रामसभा. संविधानाच्या अनुच्छेद २४३ नुसार गावाच्या मतदार यादीतील सर्व व्यक्ती मिळून ग्रामसभा बनते. ती कोणी ‘भरवल्याने’ अस्तित्वात येत नाही, तर कायम असते आणि तिच्या फक्त बैठका होतात. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार बैठका घ्याव्या लागतात आणि गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. सुनावणीत बाहेरगावचा अभ्यासक किंवा संस्थाही लेखी म्हणणे देऊ शकते, ग्रामसभेत मत फक्त गावच्या मतदाराचे. विषय कोण ठरवतो हा फरकही मोठा आहे. जनसुनावणीचा विषय प्रकल्पधारकाच्या अर्जातून येतो, तर ग्रामसभा तिला हवा तो प्रश्न, प्रकल्पाचा पहिला खांब रोवला जाण्यापूर्वीसुद्धा, चर्चेला घेऊ शकते.

ग्रामसभेचे बळ सर्वांत जास्त वनजमिनीच्या बाबतीत दिसते. वनहक्क कायदा, २००६ याच्या कलम ५ ने वन, वन्यजीव आणि जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, आणि वनजमीन अन्य कामासाठी वळवताना ग्रामसभेची संमती घ्यावी असे परिपत्रक केंद्राने ३ ऑगस्ट २००९ रोजी काढले. ओडिशातील नियमगिरी डोंगरातल्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि त्या वर्षी भरलेल्या बाराही ग्रामसभांनी नकार दिला. ‘गावाने नाकारले’ हे शब्द तेथे अक्षरशः खरे ठरले. अर्थात ही चौकट स्थिर नाही. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांच्या पूर्ततेचे काम केंद्राच्या मंजुरीनंतरच्या टप्प्यावर आणि राज्य शासनाच्या खांद्यावर ढकलले, त्यामुळे संमतीचा प्रश्न विचारला जातो तोवर बरेच काही ठरून गेलेले असते. ज्या गावाने सामूहिक वनहक्क आधीच मिळवून ठेवले आहेत, त्याला असे गाठणे अवघड जाते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा हक्क २००९ मध्ये मिळाला, पण सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय त्या ग्रामसभेने त्यापूर्वी कित्येक वर्षे जोपासली होती. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे संविधानाने वेगळ्या ठरवलेल्या आदिवासी भागात, तेथील ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याचाही आधार आहे. तेथे एखादा पाडाही आपली स्वतंत्र ग्रामसभा मागू शकतो.

इतरत्र चित्र इतके स्पष्ट नाही, हे मान्य केले पाहिजे. सर्वसाधारण गावात शेतकऱ्याने आपली खासगी जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने दिली, तर ग्रामसभेच्या विरोधी ठरावाने तो करार रद्द होत नाही, आणि व्हावा असे मलाही वाटत नाही. गायरानाची गोष्ट वेगळी आहे. शेतीला सौर वीज पुरवण्याच्या राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेसाठी शासकीय जमिनी मोठ्या प्रमाणात दिल्या जात आहेत आणि त्यांत गायरानेही आहेत. महसुली नोंदीत गायरान शासनाचे असले, तरी ते गावच्या जनावरांच्या चराईसाठी राखलेले असते. गावात किती जनावरे त्यावर चरतात, पर्यायी कुरण कोणते, ओढ्याचे पाणी कोणत्या बाजूने वाहते, हे आकड्यांसह लिहिलेला ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे वेळेत पोहोचला तर त्याची दखल घ्यावी लागते; ‘गावाचा तीव्र विरोध आहे’ एवढ्या एका ओळीच्या ठरावाचे तसे होत नाही.

एक तिसरी गोष्ट या दोघींच्या मधे येऊन बसते आणि माझ्या मते खरा घात तिच्यामुळे होतो. ती म्हणजे ग्रामपंचायतीची मासिक सभा. सरपंच आणि निवडून आलेले सदस्य यांच्या या बैठकीत ‘ना हरकत’ ठराव होतो, त्याची प्रत प्रकल्पाच्या कागदपत्रांना जोडली जाते आणि पुढे तीच ‘गावाची संमती’ म्हणून फिरते. कागदाच्या शीर्षावर ग्रामपंचायतीचे नाव असल्याने बाहेरच्याला फरक कळत नाही. म्हणून ठरावाची नक्कल मागताना तो कोणत्या सभेचा आहे, त्या सभेची नोटीस कोणत्या तारखेची आहे आणि हजेरीपटावर किती सह्या आहेत, हे तिन्ही पाहावे. या नोंदी माहिती अधिकारात मिळतात.

गणपूर्तीतली पळवाटही ध्यानात ठेवावी. पुरेसे लोक न आल्याने ग्रामसभा तहकूब झाली की बहुतेक जण विषय टळला असे समजून घरी जातात. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची गरज नसते आणि त्या दिवशी जे मोजके लोक हजर असतात, त्यांनी केलेला ठराव संपूर्ण गावाचा ठरतो.