उणे ३४ अंशांतही पाणीच

पाणी शून्य अंशाला गोठते, हे आपण शाळेत शिकतो. ढगातला थेंब मात्र इतक्या सहज गोठत नाही. बारीक आणि शुद्ध असेल तर तो उणे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत द्रवरूपात टिकू शकतो. त्याआधी गोठायचे तर त्याला आधार लागतो तो खनिज धुळीच्या एखाद्या कणाचा, नाहीतर काही विशिष्ट जिवाणूंचा. अशा कणांना हिमकेंद्रक म्हणतात. बर्फाने झाकलेल्या ध्रुवीय समुद्रावर हिवाळ्यात धूळ उडणार कुठून? त्यामुळे तिथे हजारो थेंबांमागे एखादाच हिमकेंद्रक असतो आणि बाकीचे थेंब कडाक्याच्या थंडीतही पाणीच राहतात.

याचा पक्का पुरावा ‘शीबा’ मोहिमेत मिळाला. ऑक्टोबर १९९७ मध्ये कॅनडाचे एक बर्फफोडे जहाज अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात मुद्दाम बर्फात अडकवून ठेवले आणि वर्षभर बर्फाबरोबर वाहू दिले. जहाजावरून लेसरचा झोत ढगांवर सोडला जाई. गोल थेंबावरून परतणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या लहरींच्या कंपनाची दिशा, जवळपास तसेच राहते. कोनाकोनांच्या हिमस्फटिकावर आपटून येताना ते बिघडते. तेवढ्या फरकावरून ढगात पाणी आहे की बर्फ हे ओळखता येते. या नोंदींत उणे ३४ अंशांपर्यंतच्या ढगांतही पाणी सापडले.

पाणी की बर्फ, याला एवढे महत्त्व का? पाण्याच्या ढगात असंख्य बारीक थेंब असतात, म्हणून जमिनीकडून येणारी उष्णता तो जवळपास पूर्ण अडवतो. बर्फाच्या ढगात स्फटिक मोठे पण मोजके असतात, आणि ते लवकर खाली पडून जातात. निफाडला पारा उतरतो तो निरभ्र रात्री, ढगाळ रात्री नाही. तेच तत्त्व इथे फार ठळक दिसते. ‘शीबा’च्या हिवाळी नोंदींत दोनच मुख्य अवस्था आढळल्या. एकीत, म्हणजे पाण्याचा ढग नसताना, बर्फाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४० वॅट गमावत होता, तर पाण्याचा ढग वर असताना हा तोटा जवळपास शून्यावर येत होता. मधली अवस्था क्वचितच.

हवामानाची संगणकीय मॉडेल नेमकी इथेच अडखळत आली आहेत. ऑक्टोबर २००४ मध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर मोजलेला एक साधा, एकथरी ढग सव्वीस मॉडेलांना उभा करायला दिला. बर्फाचे प्रमाण बऱ्यापैकी जुळले, पण पाणी प्रत्यक्षाच्या साधारण एक तृतीयांशच निघाले.

कारण असे. एकाच तापमानाला बर्फालगत बाष्पदाब पाण्यालगतच्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे थेंब आणि स्फटिक शेजारी आले की थेंब आटतात आणि त्यांचे बाष्प स्फटिकांवर जमते. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९११ मध्येच हे सुचवले होते. भूखंड सरकतात म्हणणारे वेगेनर ते हेच. मॉडेलमध्ये अनेक किलोमीटर रुंदीच्या चौकटीत पाणी आणि बर्फ एकजीव मिसळलेले धरले, की हे आटणे झपाट्याने होऊन पाणी संपते. खऱ्या ढगात पाण्याचा पातळ थर माथ्यावर असतो आणि स्फटिक त्यातून खाली गळत राहतात. माथा अवकाशात उष्णता टाकून थंड होतो, थंड हवा खाली बसते, खालची वर येते आणि नवे थेंब तयार होतात. असा ढग दिवसचे दिवस टिकतो. शंभर-दोनशे मीटर जाडीचा तो थर आणि त्यातली ही घुसळण मॉडेलच्या एका थरात कशी बसवायची, हाच खरा पेच आहे.

चूक फक्त हिवाळ्यापुरती राहत नाही. १२ जुलै २०१२ च्या सुमारास ग्रीनलंडच्या हिमचादरीचा जवळपास सगळा पृष्ठभाग वितळू लागला. मध्यावरच्या समिट केंद्रातील नोंदींवरून त्यात पाण्याच्या पातळ, खालच्या ढगांचा मोठा वाटा असल्याचे दिसले. सूर्यप्रकाश आत येऊ देण्याइतके ते विरळ होते आणि उष्णता अडवण्याइतके दाट.

पुढची गोष्ट मला सर्वांत काळजीची वाटते. बर्फाचे ढग तापून पाण्याचे झाले की ते अधिक उजळ होतात, जास्त ऊन परतवतात आणि तापमानवाढ थोडी रोखतात. मॉडेलने मुळातच जास्त बर्फ धरला तर हा दिलासाही फुगवून दिसतो. नव्या पिढीच्या काही मॉडेलांत, मुख्यतः दक्षिण महासागरावरचे, ढगांतले पाणी वाढवताच कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावरची अंदाजित वाढ ५ अंशांच्या वर गेली. एवढी वाढ इतर पुराव्यांशी जुळत नाही, म्हणजे ढगांचे कोडे अजून सुटलेले नाही.

ते सोडवायला ध्रुवीय रात्रीतल्या नोंदी हव्यात, आणि त्याच सर्वांत कमी आहेत. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे ‘हिमाद्री’ हे केंद्र नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून आहे, पण तिथली पहिली भारतीय हिवाळी मोहीम निघाली ती डिसेंबर २०२३ मध्ये. महिनोन्‌महिने सूर्य न दिसणाऱ्या त्या काळातच हवेतले हिमकेंद्रक मोजून ठेवायला हवेत. उन्हाळ्यातले आकडे तिथे चालत नाहीत.