उसना दिलेला फ्लोरिन

इतवारीच्या सराफ्यात जुनी अंगठी मोडायला गेलो होतो. सराफाने कसोटीवर रेघ ओढली, वर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ जागची हलली नाही. "सोन्याले काई होत नसते भाऊ!"

नायट्रिक आम्लापुरतं ते खरं. त्यात तिप्पट हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलं, की झालं आम्लराज. त्यात सोनं विरघळतं. तीन इलेक्ट्रॉन गमावून (म्हणजे धन-तीन होऊन) त्याचा अणू चार क्लोरिनच्या मधोमध बसतो. कार्बनशी तर त्याचं चांगलंच जुळतं. विद्युतऋणता, म्हणजे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची ताकद, सोन्याची २.५४, कार्बनची २.५५. ओढाताण जवळपास नाहीच. पोप आणि गिब्सन या रसायनशास्त्रज्ञांनी १९०७ मध्येच अशी सोनं-कार्बन संयुगं बनवली होती.

(पण म्हणून काही पुष्य नक्षत्रावर लेकरांना सोनं चाटवून बुद्धी वाढत नाही. वर्ख जसा पोटात जातो तसाच बाहेर पडतो. सांधेदुखीवरचं ऑरानोफिन हे सोन्याचं खरं औषध. त्याची मात्रा ठरलेली आहे आणि दुष्परिणामही माहीत आहेत.)

आता माझा आवडता भाग. एका कार्बनला तीन फ्लोरिन जोडले की होतो सीएफ३ गट. फ्लुऑक्सेटिन, मेफ्लोक्विन अशा कितीतरी औषधांत तो असतो, कारण कार्बन-फ्लोरिन बंध शरीरातल्या विकरांना सहजी तुटत नाही. पण हा गट साध्या कार्बनसाखळीला जोडणं महाकठीण. सोन्याच्या एका हातात सीएफ३, दुसऱ्या हातात साखळी दिली, तरी दोघं एकमेकांना भिडत नाहीत.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांना २०१७ मध्ये याची वाट चक्क योगायोगाने सापडली. बोरॉनचं एक इलेक्ट्रॉन-भुकेलं संयुग किंचित टाकलं. त्याने सीएफ३ मधला एक फ्लोरिन, फ्लोराइड आयन म्हणून, उपटून नेला. उरलेला सीएफ२ आता इलेक्ट्रॉनसाठी वखवखलेला. शेजारची साखळी सोन्याला सोडून सरळ त्याच्यावर जाऊन बसली. मग फ्लोराइड परतला, आधी सोन्यावर आणि तिथून कार्बनवर. सीएफ३ पुन्हा पूर्ण, साखळीला जोडलेला; आणि सोनं धन-तीनवरून धन-एकवर येऊन मोकळं. बोरॉन फक्त उसनं नेतो आणि परत करतो, म्हणून तो चिमूटभरच पुरतो.

गंमत अशी, की परत येणारा फ्लोरिन तोच असायला हवा असं नाही. त्याच्या जागी किरणोत्सारी फ्लोरिन-१८ घातला, की पेट स्कॅनमध्ये चमकू शकेल असा रेणू मिळतो. फक्त हात चालवावे लागतात: दर ११० मिनिटांनी तो निम्मा होतो.