हॅल आणि रॉजर प्राणी का पकडत होते?

विलर्ड प्राइस यांच्या मुलांसाठीच्या साहसकथांच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक, ‘ॲमेझॉन ॲडव्हेंचर’, १९४९ साली आलं. त्यात हॅल आणि रॉजर हंट हे भाऊ वडिलांबरोबर ॲमेझॉनच्या खोऱ्यात जातात ते जनावरं जिवंत पकडायला. ॲनाकोंडा, जॅग्वार, सगळंच. प्राणिसंग्रहालयांना प्राणी पुरवणं हा घरचा धंदा. आज हे खटकतं, पण हा धंदा प्राइस यांच्या डोक्यातून निघालेला नव्हता.

हांबुर्गच्या कार्ल हागेनबेक यांनी एकोणिसाव्या शतकातच जिवंत प्राण्यांचा मोठा व्यापार उभारला होता. अमेरिकेत १९३० साली फ्रँक बक यांचं प्राणी पकडण्याच्या अनुभवांवरचं पुस्तक प्रचंड खपलं. शिकारी मारतो, आम्ही जिवंत आणतो, असा या लोकांचा अभिमान. पण गोरिलाची मादी किंवा हत्तीण जिवंत असेपर्यंत पिल्लू सोडत नाही. म्हणून अनेकदा आधी आईला गोळी घालत, मग तिच्यासाठी धावून आलेल्यांना. पिंजऱ्यावरच्या पाटीत यातलं काही नसे.

‘सफारी ॲडव्हेंचर’मध्ये (१९६६) हेच भाऊ केनियाच्या त्सावोत चोरट्या शिकाऱ्यांच्या मागावर निघतात. लांबच लांब काटेरी कुंपण, मध्ये मध्ये फटी आणि फटीत तारेचे फास. वाट शोधणारं जनावर फटीत मान घालतं आणि जितकं ओढतं तितका फास आवळत जातो. सबंध मालिकेतली ही मला सर्वांत मोलाची पानं वाटतात, कारण इथे मुलांना पहिल्यांदा जनावराच्या बाजूने उभं राहावं लागतं.

बाहेरचं जगही बदलत होतं. भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. १९७३च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनला दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापारावरचा ‘साइट्स’ करार झाला आणि १ एप्रिलला आपल्याकडे व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. तरी ‘टायगर ॲडव्हेंचर’मध्ये (१९७९) हंट बंधू प्राणी पकडायला भारतात येतातच! तोवर वाघासारखे प्राणी असे पकडणं कायद्याने इथे बंद झालं होतं. प्राइस तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते. १९८०च्या ‘आर्क्टिक ॲडव्हेंचर’वर त्यांची चौदा पुस्तकांची मालिका थांबली.

२०१२ साली अँथनी मॅकगोवन यांनी हंट घराण्याची पुढची पिढी आणली. ती मुलं रशियाच्या अतिपूर्वेकडच्या जंगलात जातात ती अमूर बिबट्या वाचवायला.