डिजिपीटर

हौशी रेडिओवर (परवाना घेऊन छंद म्हणून चालवलेल्या बिनतारी संचांवर) आलेली माहितीची पॅकेट्स, म्हणजे छोटे गठ्ठे, ऐकून ती पुढे सोडणारे स्वयंचलित केंद्र. आवाजाचा रिपीटर (बोलणे पुढे पोचवणारे केंद्र) ऐकतो त्याच क्षणी बोलतो, म्हणून त्याला दोन वारंवारता लागतात. डिजिपीटर पॅकेट पूर्ण ऐकून घेतो आणि मग त्याच वारंवारतेवर पुन्हा सोडतो. त्यामुळे एक व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) रेडिओ संच, एक अँटेना आणि छोटा संगणक एवढ्यावर केंद्र उभे राहते. परवाना आणि कॉलसाइन (केंद्राचे अधिकृत ओळखनाव) मात्र हवेच.

पॅकेट रेडिओचे पहिले प्रयोग १९७८ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियलच्या हौशींनी केले. पुढे पॅकेटचे सुरांत आणि सुरांचे पॅकेटमध्ये रूपांतर करणारी टीएनसी नावाची स्वतंत्र पेटी रेडिओ आणि संगणक यांच्यामध्ये बसू लागली. आता रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक, यूएसबी साउंड कार्ड आणि डायरवुल्फ हे मुक्त सॉफ्टवेअर मिळून तिचे काम करतात. नेहमीचा वेग सेकंदाला १२०० बिट; त्यासाठी १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर वापरतात.

यात संगणक हा सर्वांत सोपा भाग. केंद्र फसते ते बहुधा आवाजाच्या पातळीवर. साउंड कार्डाचा आवाज चढा ठेवला की संच सुरांची टोके कापतो. कानाला ते खणखणीत वाटते, पण पलीकडे पॅकेट उलगडत नाही. आणि शेवटच्या १६ तपासणी-बिटांचा मेळ बसला नाही, तर सहसा अख्खे पॅकेट टाकून दिले जाते. संच प्रक्षेपणावर येऊन स्थिरावेपर्यंत संगणकाने नुसत्या आरंभखुणा पाठवत राहायचे असते. साधारण ३०० मिलिसेकंद पुरतात. प्रक्षेपण सुरू होताच साउंड कार्ड गायब होत असेल, तर अँटेनाची ऊर्जा यूएसबीच्या तारेत शिरते आहे असे समजावे आणि तारेवर फेराइटचे (चुंबकीय पदार्थाचे) कडे चढवावे.

जागा उंच हवी, पण उंचीचा तोटाही असतो. माथ्यावरच्या केंद्राला दोन्ही दऱ्यांतले संच ऐकू येतात. त्या संचांना एकमेकांचा पत्ता नसतो. वाहिनी मोकळी समजून दोघेही एकाच वेळी बोलतात आणि दोन्ही पॅकेट्स वाया जातात. जवळजवळ केंद्रे वाढवली की ही गर्दी आणखी वाढते. म्हणून एपीआरएस (ठिकाण आणि छोटे संदेश पॅकेटमधून कळवण्याची पद्धत) जाळ्यात पाठवणारा पॅकेटमध्येच उड्यांची, म्हणजे ते किती वेळा पुढे सोडायचे याची, मर्यादा लिहितो. प्रत्येक केंद्र ती एकाने घटवते, आपले कॉलसाइन नोंदवते आणि नुकतेच पुढे पाठवलेले पॅकेट परत कानावर आले तर सोडून देते.