फेरतपासणीची आठवण, सत्तर खुणांत

रक्तदाब वाढला तरी बहुतेकांचं काहीच दुखत नाही. म्हणून महिन्याच्या गोळ्या संपतात, तारीख उलटते आणि कापूस वेचणीच्या घाईत दवाखाना राहून जातो. नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेणाऱ्यांचं तसंच होतं. बरं वाटतंय म्हणून रक्ततपासणी टळते, आणि तिच्याशिवाय या औषधाचा डोस सुरक्षित ठरवता येत नाही.

अशा विसरण्यावर मोबाइलचा साधा मेसेज चांगला उपाय आहे. कोक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या २०१३ च्या आढाव्यात ८ चाचण्यांतल्या ६,६१५ लोकांची माहिती एकत्र तपासली होती. आठवण न दिलेल्यांपैकी ६७.८ टक्के लोक तपासणीला आले, मेसेज पाठवलेल्यांपैकी ७८.६ टक्के आणि फोन केलेल्यांपैकी ८०.३ टक्के. फोन जेमतेम वरचढ ठरला, आणि मेसेज त्याच्यापेक्षा स्वस्त पडतो.

मराठी मेसेजची पहिली अडचण जागेची. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीत त्यात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०, कारण देवनागरीच्या प्रत्येक खुणेला दोन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणून एकटा ‘क्ष’ तीन जागा खातो. हा नमुना पाहा:

‘दवाखाना चोपडा: सोमवार १२ जाने, सकाळी ९. केसपेपर आणा. अडचण:’

पुढे एक मोकळी जागा आणि दहा अंकी नंबर धरला की ६९ खुणा होतात. ‘जाने’ऐवजी ‘जानेवारी’ लिहिलं तर ७३ होतात, मेसेजचे दोन तुकडे पडतात आणि पैसेही दोन मेसेजचे लागतात. जागा वाचवायला मराठी रोमन लिपीत लिहिण्याचा मोह होतो, पण ज्या आजीसाठी मेसेज आहे तिला ती लिपी वाचता येत नाही. शिवाय काही जुन्या बटणाच्या फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात. नावनोंदणीच्या वेळीच एक चाचणी मेसेज पाठवून रुग्णाच्या फोनवर तो कसा दिसतो ते पाहावं.

‘उद्या या’ असं कधीच लिहू नये. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात फोनला रेंज नसली की मेसेज कंपनीच्या यंत्रणेत थांबून राहतो आणि माणूस रेंजमध्ये आल्यावर पोहोचतो. तेव्हा त्या ‘उद्या’चा दिवस निघून गेलेला असतो. वार आणि तारीख दोन्ही हवेत. दवाखान्याच्या नावाने येणाऱ्या सामूहिक मेसेजला उत्तर देता येत नाही, म्हणून अडचणीचा नंबर मजकुरातच द्यायचा, आणि तो उचलायला माणूस नेमायचा. नमुना दूरसंचार कंपनीकडे आधी नोंदवावा लागतो. तारीख-वेळेसारख्या बदलत्या जागा सोडून त्यात शब्द बदलला तर मेसेज वाटेतच अडवला जातो.

सगळ्यात जास्त मेसेज वाया जातात ते चुकीच्या नंबरामुळे. केसपेपरवर नंबर असतो सुरतेला कामाला गेलेल्या पोराचा. त्याला मेसेज मिळतो, आईला नाही. रुग्ण खिडकीशी उभा असतानाच त्या नंबरवर रिंग द्यावी आणि फोन कोणाकडे वाजतो ते विचारून नोंदवावं. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो, आणि घरात एकच फोन चौघांच्या हातात फिरतो. म्हणून मेसेजमध्ये आजाराचं नाव कधीही घालू नये. टीबी किंवा एचआयव्हीच्या रुग्णाचं त्याने घरात आणि गावात फार मोठं नुकसान होऊ शकतं.

लंडनच्या रुग्णालयांत तपासणी चुकली तर किती खर्च वाया जातो हे मेसेजमध्ये लिहिल्यावर गैरहजेरी ११.१ वरून ८.४ टक्क्यांवर आली होती. तो अभ्यास २०१५ चा. आपल्याकडे ही युक्ती करू नये असं आम्हाला वाटतं. दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्याला खर्चाचा हिशेब ऐकवला तर तो पुढच्या वेळी येणंच टाळेल.

मेसेज फक्त विसरण्यावर चालतो, गाडीभाड्यावर नाही. म्हणून तारीख देतानाच विचार करावा. आठवडे बाजाराच्या दिवशी काळी-पिवळी मिळते, त्या दिवशीची तारीख पाळली जाण्याची शक्यता जास्त. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत जाणारी कुटुंबं होळीपर्यंत परतत नाहीत. त्यांना निघण्याआधीच बोलवावं आणि जिथे जाणार तिथल्या दवाखान्यासाठी चिठ्ठी द्यावी. वाचता न येणाऱ्यांसाठी पावरी किंवा भिली या तिथल्या बोलीत रेकॉर्ड केलेला आवाजी कॉल लावावा.

वेळेचं गणित असं: पहिला मेसेज तीन दिवस आधी, म्हणजे पैशांची आणि गाडीची सोय होते. दुसरा आदल्या संध्याकाळी सातच्या सुमारास, माणसं शेतातून घरी आल्यावर. पहिल्या मेसेजचा पोहोच-अहवाल त्याच रात्री पाहायचा. ज्यांच्या नावापुढे ‘पोहोचला नाही’ दिसतं त्यांची यादी सकाळी आशाताईंकडे द्यायची; त्यांच्या हातात घरी जाऊन सांगायला अजून दोन दिवस असतात.